अटॅक आला म्हणायचं

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दवाखान्याच्या आवारातच मला आणि वहिनीला बाजूला घेतलं. आई बाकावर बसली होती. तिच्यापर्यंत कुणाचाच आवाज पोचत नव्हता. वहिनी, भावाची बायको, भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या एकाच पायात चप्पल होती. आबांनी टोपी काढून हातात धरली आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "कोणी इचारलं तर अटॅक आला म्हणायचं. दुसरं काही तोंडातून काढायचं नाय."

भावानं स्वतःचा जीव स्वतः घेतला होता. हे वाक्य आज मी सरळ लिहू शकते, पण तेव्हा ते मनातल्या मनात उच्चारायलाही मला काही महिने लागले.

आमचं शेत म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला लागून. मेथी, कोथिंबीर आणि थोडी शेवंती. भाऊ अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर होता. ड्युटीवर जाण्याआधी तो आबांबरोबर भाजी काढायचा आणि गाडीवर टाकून मार्केट यार्डात पोचवायचा. लग्नकार्यात तो कुठं बसलाय हे शोधावं लागायचं नाही, जिथून हसण्याचा आवाज येई तिथं तो असायचा. आमच्या एका मामाची बोलायची ढब तो अशी उचलायचा, की मामासुद्धा डोळे पुसत हसायचे. त्यामुळे शेवटच्या काही महिन्यांत तो गप्प झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, कारखान्यात काम वाढलं असेल. मी लग्न होऊन नाशिक रोडला आलेली, द्वारकेजवळ चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी. माझी त्याची गाठ महिन्यातून एखाद्या वेळी पडायची, आणि माझ्यासमोर तो बऱ्यापैकी हसायचा.

अटॅकवर कुणी विश्वास ठेवला नाही. पोलीस घरी येऊन गेलेले गल्लीनं पाहिलं होतं. पण आम्ही अटॅक म्हणायचो, समोरचा "अरेरे" म्हणायचा आणि आमची पाठ वळली की आपलं आपलं खरं तयार करायचा. दहाव्यापर्यंत ते तयार झालंही. सगळ्यांच्या बोलण्यात वहिनी होती. तिला वेगळं राहायचं होतं, ती सारखी भांडायची, मूल होत नव्हतं म्हणून घरात कटकट होती. यातलं मूल नव्हतं एवढंच खरं होतं. तेराव्यानंतर तिचे वडील दिंडोरीहून पिकअप घेऊन आले. ती एक बॅग घेऊन मागे बसली. आई तिला निरोप द्यायला ओट्यावर आली नाही, आणि आबा विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेले.

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत एक बाई राहतात. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत, पण अजून सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. भाजीच्या गाडीपाशी एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमचा भाऊ गेला असं ऐकलं. कशानं गेला हो?"

"अटॅक आला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वांगी निवडता निवडता म्हणाल्या, "आम्ही काहीजण दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये बसतो. ज्यांच्या घरात कुणी असं गेलंय ते येतात. ज्यांना स्वतःलाच नको नको झालंय तेही येतात. बोलायलाच पाहिजे असं काही नाही. चहा असतो."

मी दोन-तीन रविवार नुसती वाचनालयाच्या दारावरून पुढे गेले. चौथ्यांदा पाय आत वळले. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, पंखा कुरकुरत होता. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांच्या मुलीबद्दल बोलत होते आणि बोलताना खिशातल्या पेनची सारखी उघडझाप करत होते. त्यांनी अगदी साधं सांगितलं, "माझ्या मुलीनं आत्महत्या केली." तो शब्द असा खोलीत, उजेडात, चहाच्या कपांमध्ये ऐकला आणि मी रडायला लागले. कुणी मला गप्प करायला धावलं नाही.

सिस्टर तिथं आम्हाला काही गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायच्या. आपण डॉक्टर नाही. आपलं काम ऐकायचं, आणि गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत सोबत करायचं. आणि मनात शंका आली तर सरळ विचारायचं.

"सरळ म्हणजे?" मी विचारलं होतं.

"सरळ म्हणजे, मरायचे विचार येतात का, असं. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात ते आधीच आहे त्याला कळतं, की हे कुणापाशी तरी बोलता येईल."

मला ते पटलं, पण मी असं कुणाला विचारीन असं वाटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले तर आईनं माझ्यासमोर तिची पैठणी ठेवली. "तू घेऊन जा. मला कुठं जायचंय आता." मागच्या खेपेला तिनं चांदीचे करंडे चुलतबहिणीला दिल्याचं मला कळलं होतं. ती शेतात जाईनाशी झाली होती. तिच्या हातच्या मेथीच्या जुड्या यार्डात वेगळ्या ओळखू यायच्या, एवढ्या सारख्या. आता ती भाजीकडे बघतही नव्हती. जेवायला बसायची आणि ताटात बोटं फिरवून उठायची. आबा म्हणत, "वय झालं."

पडवीत आम्ही दोघीच होतो. समोर मेथीचा ढीग होता, मी जुड्या बांधत होते आणि ती नुसती बसली होती. सिस्टरनी सांगितलेलं सगळं डोक्यातून उडालं होतं.  शेवटी मी हातातली जुडी खाली ठेवली.

"आई, तुला मरावंसं वाटतं का गं?"

तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार.

"तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही. मीच विचारतेय."

 बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत ती त्या दिशेनं बघत राहिली. मग म्हणाली, "रोज वाटतं. उठलं की पहिलं तेच वाटतं. त्यो तिकडं एकटा हाय असं वाटतं."

"कसं करायचं, हेही मनात येतं?"

"येतं," ती म्हणाली. आणि मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि तिच्या अंगातून असा आवाज निघाला, की गोठ्यातून आबा धावत आले.

"काय झालं? काय बोलली तू तिला?"

मी सांगितलं. आबांचा चेहरा लाल झाला. "आईला असलं इचारती? आक्कल हाय का? एक गेला ते कमी झालं का, घरात परत असलं अभद्र बोलायचं?"

"तुमी गप बसा," आई म्हणाली. आबांना ती असं बोललेली मी जन्मात ऐकली नव्हती. "तिनं इचारलं तरी. तुमी एकदा तरी इचारलं का?"

मी तिथूनच सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजपासून त्यांना एकटं ठेवू नका, उद्या सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊ, आणि घरात धोक्याचं जे काही असेल ते आधी हलवा. हे शेवटचं मी आबांना सांगितलं तेव्हा ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, ऐकायचंच नाही त्यांना. पण थोड्या वेळानं मी बाहेर पाहिलं तर फवारणीचं सगळं सामान त्यांनी हातगाडीवर भरलं होतं. ती गाडी ढकलत ते एकटेच चुलत्यांच्या गोदामाकडे चालले होते. त्यानंतर आमच्या घरात ते सामान पुन्हा आलं नाही. फवारणी असली की आबा गोदामातून तेवढ्यापुरतं आणतात आणि उरलेलं लगेच परत नेऊन कुलपात ठेवतात.

आईला मी नाशिक रोडला आणलं. डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की फरक पडायला काही आठवडे जातील, धीर सोडू नका. ते आठवडे फार वाईट गेले. मी दुकानातून लवकर यायची, मी नसले की माझे यजमान किंवा सिस्टर घरी थांबायच्या. आई अंघोळीला गेली तरी मी दारापाशी काहीतरी काम काढून बसायची. ती आतून ओरडायची, "जिती हाय मी!" सुरुवातीला त्यात राग असायचा, पुढे पुढे कंटाळा. रविवारी ती माझ्याबरोबर हॉलमध्ये यायला लागली. डोक्यावर पदर घेऊन एका टोकाला बसायची. पेनवाले गृहस्थ बोलायला लागले की मात्र ती मान वर करायची. त्यांचं बोलणं ऐकून एके दिवशी घरी येता येता रिक्षात तिनं मला विचारलं, "सूनबाई कशी असल?"

मला माहीत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मी दिंडोरीला गेले. वहिनी द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला लागली होती. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे. मला पाहून ती बाहेर आली आणि कट्ट्यावर बसली, माझ्यापासून जरा लांब.

"आई आजारी आहे," मी म्हणाले, आणि कसला आजार तेही सांगितलं. "ती तुझी आठवण काढते."

"ताई, मी आले तर परत तेच ऐकायचं का? इथंसुद्धा लोकांनी ऐकलंय, नवऱ्याला खाल्लं म्हणून. माझ्या बहिणीचं लग्न जमत नाहीये माझ्यामुळं."

"तू भांडायचीस का गं त्याच्याशी?" हे विचारताना मला माझाच राग आला, पण ती चिडली नाही.

"एकाच गोष्टीवरून," ती म्हणाली. "डॉक्टरकडं चल म्हणून. झोपायचा नाही तो ताई. अंधारात बसून राहायचा. मला म्हणाला होता, आता होत नाही माझ्याच्यानं. मी आबांना जाऊन सांगितलं. मला नाशिकमधले एक डॉक्टर कळले होते. आबा म्हणाले, येड्याच्या डॉक्टरकडं नेणार? पावणे काय म्हणतील? त्याला शेतात जास्त काम द्या, आपोआप झोप यील. मग तोही म्हणायला लागला, आबा म्हणतात तेच बरोबर. मी रोज भांडायचे. शेजारी ऐकू जायचं."

 दीड वर्ष सगळ्या भावकीनं जिला बोल लावला होता, तिनं एकटीनंच धडपड केली होती. आणि ती ते कुणाला सांगत नव्हती, कारण आबांना काय वाटेल याची तिला भीती होती.

हे मी आईला सांगितलं. ती त्या दिवशी जेवली नाही, पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "ही रविवारची बैठक आपल्या गल्लीत घ्यायची. माझ्या वट्यावर. तिला बोलवायचं."

आई घरी परतली आणि तिनं हे सांगितलं तेव्हा आबांनी विरोध केला. आरडाओरडा केला नाही, एवढंच म्हणाले, "मी त्या दिवशी घरात नसल." आणि खरंच सकाळीच ते मळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले.

गल्लीतल्या बायका आल्या. काही आल्या त्या कुतूहलानं, हे मला कळत होतं. दोन-चार पुरुष भिंतीपाशी उभे राहिले. सिस्टर आधी बोलल्या, मग पेनवाले गृहस्थ. मग वहिनी उभी राहिली. ती निळी साडी नेसून आली होती आणि तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक निघाला, की मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाय."

"त्यांना अटॅक आला नव्हता," ती मोठ्यानं म्हणाली. "त्यांनी आत्महत्या केली. ते आजारी होते, मनानं. ताप येतो तसा आजार. मला ते दिसत होतं. डॉक्टरकडं न्यायचं म्हणून मी भांडायचे, ते तुम्ही ऐकलंय सगळ्यांनी. मी आज कुणाला दोष द्यायला आले नाही. पण मी त्यांना मारलं नाही, एवढं तुम्ही माझ्या तोंडून ऐका."

 भावकीतली एक म्हातारी, जिनं वहिनीबद्दल सगळ्यात जास्त पसरवलं होतं, ती पदरानं नाक पुसत होती. एवढ्यात गोठ्याच्या बाजूनं आवाज आला.

"मी नाय म्हनलो होतो."

आबा कधी आले कुणाला कळलं नव्हतं. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं. "ती डॉक्टरकडं न्यायचं म्हनत होती. मी नाय म्हनलो," ते पुन्हा म्हणाले, आणि फावडं तिथंच टाकून मळ्याकडे चालायला लागले.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी त्यांची पाठ बघत होते आणि मला मळ्यातली विहीर आठवली. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, माझे यजमान उठले, पण त्या सगळ्यांच्या आधी आई उठली. गोळ्या सुरू झाल्यापासून ती सावकाश चालायची. त्या दिवशी ती वाफ्यांच्या मधून जवळजवळ पळत गेली, पदर खांद्यावरून घसरला तरी थांबली नाही. मी थोडं अंतर ठेवून तिच्या मागे गेले.

आबा विहिरीच्या अलीकडे बांधावर बसले होते. ती त्यांच्याजवळ जाऊन टेकली. धाप लागली होती तिला.

"तुमालाबी मरावं वाटतं का?" तिनं विचारलं.

 ते मान हलवून नाही म्हणाले. मग म्हणाले, "झोप येत नाय मला. डोळा लागला की त्यो दारात उभा दिसतो. इचारतो, आबा, जाऊ का डॉक्टरकडं."

आईनं त्यांचा चिखलाचा हात आपल्या मांडीवर घेतला. मी तिथूनच मागे फिरले.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. आबा डॉक्टरांकडे जायला तयार होईनात. आईला दाखवायला नेत, पण बाहेर बाकावर बसत. एकदा डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बसले, तेव्हा कुठं ते आत गेले. आता त्यांना झोप येते, सगळ्या रात्री नाही.

आमच्या बैठका गल्लीत चालू राहिल्या. कधी पंधरा माणसं, कधी आम्ही तिघंचौघंच. कॉलेजातली एक मुलगी आपल्या आईच्या पाठीमागे लपून बसायची, ती आता स्वतःहून बोलते. पण मागच्या गल्लीतले एक गृहस्थ गेले. त्यांची बायको बैठकीला यायची, ते स्वतःही दोनदा आले होते. सिस्टरनी त्यांना विचारलं होतं, डॉक्टरांकडे नेलं होतं, आम्ही आळीपाळीनं फोन करत होतो. तरी ते गेले. त्या रविवारी सिस्टर खुर्चीवर बसल्या आणि बोलूच शकल्या नाहीत. मग त्या माणसाची बायकोच म्हणाली, "घरी बसून काय करू? इथं निदान त्यांचं नाव तरी घेता येतं." मला वाटलं होतं, आता लोक म्हणतील, काय उपयोग झाला तुमच्या बोलण्याचा. काहींनी म्हटलंही. 

वहिनी आमच्याकडे राहायला परतली नाही, आणि आम्ही तसा आग्रहही धरला नाही. सणाला येते. मधे तिच्यासाठी एक स्थळ आलं, ओझरकडचं. तिनं आईला फोन करून विचारलं, "काय सांगू त्यांना?" आई म्हणाली, "खरं काय ते सांग. लपवून गेलीस तर जन्मभर धास्तीत राहशील." तिनं सगळं सांगितलं. त्यांनी कळवतो म्हटलं आणि मग एका मध्यस्थाकरवी नकार कळवला. मुलाच्या आईला म्हणे भीती वाटली.

मी त्या दिवशी माहेरीच होते. आईला हे फोनवर समजलं आणि ती जी भडकली ती विचारू नका. त्या घराला, त्या मध्यस्थाला, त्या मुलाच्या आईला तिनं एकेक शिवी शोधून शोधून घातली. पडवीतून अंगणात, अंगणातून पडवीत फेऱ्या मारत होती. आबा म्हणाले, "हळू बोल, लोक ऐकतील."

"ऐकू द्या," आई म्हणाली आणि आणखी मोठ्यानं सुरू झाली.